अकरावा सीझन

अकराव्या सीझनला फ्रीजसुद्धा बदलला त्यांनी,
पिवळा होता, स्टीलचा आला.
जिना तेवढा तोच.
वर जातो, पण वर काही नसणार, नुसत्या फळ्या आणि दिवे,
हा संशय मी नानांना कधी बोलून दाखवला नाही.

पवननगर, डिसेंबर, रात्रीचे साडेनऊ.
डोक्याला मफलर, मांडीवर चिवड्याची वाटी.
अंबडच्या कंपनीत एकतीस वर्षं
ट्रान्सफॉर्मरला तार गुंडाळलेली बोटं
आता शेंगदाणे तेवढे वेचतात.

इंग्रजी त्यांना येत नाही.
ओहायोतलं ते घर, ती बाई,
तिचे दोन नवरे, एक आजी, एक माजी,
सगळं ते चेहऱ्यांवरून लावतात.
टीव्हीत हशा पिकला
की अर्ध्या सेकंदाने नाना हसतात.
आई म्हणायची, ह्यांचं हसणं म्हणजे
लग्नाला उशिरा पोचलेला पाहुणा,
अक्षता हुकतात, पंगत हुकत नाही.

पहिला सीझन तिघांनी मिळून पाहिला.
मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला,
त्यांच्या पोराचे पुढचे दात पडलेले.
आता त्याला दाढी आहे
आणि माझं कपाळ वर सरकलंय.
शेजारचा हार्लन तेव्हा रोज यायचा,
न ठोठावता, मागच्या दाराने, शिडी मागायला.
आईचा फार लाडका.
हा आपल्यातला वाटतो, म्हणायची,
नेतो आणि परत आणून देत नाही.

त्या नटाचं पैशावरून बिनसलं म्हणे.
पहिल्याच भागात बाई फोन खाली ठेवते,
सांगते, हार्लन अलास्काला गेला.
हशा.
दुसऱ्या भागापासून कुणी नाव काढत नाही.
शिडी भिंतीला टेकून उभी,
ती हलवायचं मात्र कुणाला सुचलेलं नाही.

तो शिडीवाला कुठाय रे?
अलास्काला गेला, नाना.
लांब आहे?
लांब. थंडी पण खूप.
निफाडपेक्षा?
निफाडपेक्षाही.
हात्तिच्या, म्हणाले, आणि एक शेंगदाणा तोंडात टाकला.

विनोद आता शिळे.
कालच्या भाताला फोडणी द्यावी तसे
कुणाचं लग्न लावतात, कुणाला जुळं होतं,
एक अख्खा भाग तर स्वप्नच निघाला.
मी फोन बघत बसतो.
नाना एकही भाग सोडू देत नाहीत,
सुरुवातीची नावंसुद्धा पळवू देत नाहीत.
बोटाने डोकी मोजतात. सहा.
पुन्हा मोजतात.

मध्येच त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं.
प्रमिला आली नाही अजून?
निमाणीची शेवटची बस चुकली का तिची?

पहिले काही महिने मी खरं सांगायचो.
दर वेळी ते त्यांना नवं असायचं,
दर वेळी पहिल्यापासून रडायचे.
कॅनडा कॉर्नरचे डॉक्टर म्हणाले,
एवढं खरं काय करायचंय?

आई अलास्काला गेली, मी म्हणालो.
म्हणजे, ते तोंडातून निघालं.

टीव्हीत काहीतरी झालं, सगळे हसले.
अर्धा सेकंद गेला.
एक गेला.
नाना हसले नाहीत.

स्वेटर नेलाय का तिने?

हो, म्हटलं. मरून रंगाचा.
तो कपाटात आहे, डांबराच्या गोळ्यांत,
बाही एका कोपरावर विरलेली.

नाना उठले. भिंत धरत धरत गेले
आणि मागच्या दाराची कडी काढून आले.
दार किलकिलं राहिलं.
बाहेर कुणाच्या तरी नळाला पाणी आलेलं,
बादली भरल्याचा आवाज बदलत गेला.
पुढचा भाग आपोआप सुरू झाला,
गार वारा पायाशी येऊन बसला.
वाटी माझ्याकडे सरकवत म्हणाले,
तू घे, शेंगदाणे ठेवलेत थोडे.